चुलीचा धूर आणि उजवे हृदय

‘दम’ हा एकच शब्द मराठीत आपण किती अर्थांनी वापरतो! धावून आलेल्या मुलाला दम लागतो. उतावळ्या माणसाला आपण दम धरायला सांगतो. कष्टाळू माणसाच्या अंगात दम आहे असे म्हणतो. आणि ज्याचा श्वास कायमचाच अडखळतो त्याच्या व्याधीला दमा हे नाव देतो. श्वास आणि बळ या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असा हा लोकभाषेचा समज आहे, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही तो फारसा चुकीचा नाही. फुप्फुस दीर्घकाळ नादुरुस्त राहिले, म्हणजे त्याच्या शेजारी अहोरात्र काम करणारे हृदयही कालांतराने थकू लागते. फुप्फुसांच्या जुनाट दुखण्यातून उद्भवणाऱ्या या हृदयविकाराला वैद्यकात ‘कॉर पल्मोनेल’ असे लॅटिन नाव आहे. ‘फुप्फुसजन्य हृदयविकार’ असे आपण त्याला मराठीत म्हणू. हा विकार कसा ओळखला गेला, आणि आपल्या देशात त्याचे मूळ शोधता शोधता वैद्यकशास्त्र अखेर घरातल्या चुलीपाशी कसे येऊन पोहोचले, याचा इतिहास आज थोडक्यात पाहावयाचा आहे.

या इतिहासाकडे पाहण्यासाठी मी एक दूरचे ठिकाण निवडले आहे. नागपूर-बल्लारशाहकडून रेल्वेने चेन्नईला जाणारा मराठी प्रवासी विजयवाडा, गुडूर ही स्थानके मागे टाकून आंध्रची सीमा ओलांडतो, तेव्हा चेन्नईच्या अलीकडे सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांवर गुम्मिडिपूंडी नावाचे स्थानक लागते. हे गाव पूर्वी चेंगलपट्टू जिल्ह्यात मोडत असे. १९९७ साली त्या जिल्ह्याचे विभाजन झाले आणि गुम्मिडिपूंडी तिरुवळ्ळूर जिल्ह्यात आले. गावाच्या पूर्वेस पुलिकतचे खारे सरोवर पसरले आहे, आणि सरोवराच्या पलीकडे श्रीहरिकोटा बेट आहे. आज या बेटाचे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे आकाशात झेपावणारे अग्निबाण येतात. परंतु अवकाशकेंद्र होण्यापूर्वी श्रीहरिकोट्याची ख्याती निराळ्याच कारणासाठी होती. त्या बेटावर दाट जंगल होते, आणि तिथले सरपण होड्यांत भरून बकिंगहॅम कालव्याच्या वाटेने मद्रास शहराला जात असे. किनाऱ्यावरच्या रेताड जमिनीत सुरूची झाडे लावली गेली, तीही मुख्यतः जळणासाठीच. या मुलखाच्या व्यापारात लाकडाला एवढे स्थान होते, याचा अर्थ घराघरांत चूल पेटती होती, आणि चूल पेटती असली की तिच्यासमोर कोणी तरी बसलेले असते.

तमिळमध्ये चुलीला ‘अडुप्पु’ म्हणतात आणि फुंकणीला ‘ऊदुकुळल’. नावे निराळी, पण वस्तू तीच. ओलसर लाकूड पेटत नाही, म्हणून बाई वाकून फुंकणी तोंडाला लावते, जोराने फुंकते, आणि नंतरचा दीर्घ श्वास त्याच धुरात घेते. कोकणातल्या पडवीत, विदर्भातल्या सपरात, तंजावरच्या मराठी घरात आणि गुम्मिडिपूंडीच्या झोपडीत ही क्रिया शतकानुशतके अशीच घडत आलेली आहे. तिच्यात काही रोगाचे बीज असेल असे कोणाच्या मनातही आले नाही. डोळ्यांतून पाणी येणे आणि सकाळी खोकल्याची उबळ येणे हे बाईच्या जन्माला लागलेलेच आहे, अशी सर्वांची समजूत होती.

आपल्या प्राचीन वैद्यांनी मात्र धुराची नोंद घेतली होती, हे येथे सांगितले पाहिजे. चरकसंहितेत श्वासरोगाची जी कारणे दिली आहेत, त्यांत धूळ आणि धूर यांचा समावेश आहे. तथापि फुप्फुसाचा रोग हृदयापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो, हे कळण्यासाठी रक्ताचा मार्ग ठाऊक असणे अवश्य होते. आणि तो मार्ग मानवाला फार उशिरा सापडला.

ग्रीक वैद्य गॅलेन याच्या मताचा पगडा युरोपवर आणि अरब जगावर हजारांहून अधिक वर्षे होता. हृदयाच्या मधल्या पडद्याला सूक्ष्म छिद्रे असून त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे जाते, असे गॅलेनचे प्रतिपादन. तेराव्या शतकात कैरोमध्ये वैद्यकी करणाऱ्या इब्न अल्-नफीस या पंडिताने ते अमान्य केले. हा पडदा घट्ट आहे, त्यात छिद्रे नाहीत. उजवीकडचे रक्त फुप्फुसांतून फिरूनच डावीकडे येत असले पाहिजे, असे त्याने लिहून ठेवले. त्याचे हे लेखन पुढे विस्मृतीत गेले. युरोपात सोळाव्या शतकात सर्व्हेटस आणि कोलंबो यांनी हाच मार्ग स्वतंत्रपणे सांगितला, आणि १६२८ साली विल्यम हार्वे याने रक्ताभिसरणाचा संपूर्ण सिद्धान्त मांडला. फुप्फुसांत रक्त एका बाजूने दुसऱ्या बाजूस कसे जाते, ही एकच कडी उरली होती. १६६१ साली माल्पिघी याने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसातील केसाहूनही बारीक अशा वाहिन्या पाहिल्या, आणि ती कडी जुळली.

या केशवाहिन्या आपल्या विषयाचा गाभा आहेत, म्हणून त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. आपले हृदय म्हणजे वस्तुतः शेजारी शेजारी बांधलेले दोन पंप होत. डावी जवनिका रक्त सर्व शरीराला पुरवते, म्हणून तिची भिंत जाड आणि बळकट असते. उजवी जवनिका रक्त केवळ फुप्फुसांत पाठवते. हा प्रवास जवळचा आणि वाट मोकळी. कारण फुप्फुसांतील असंख्य केशवाहिन्यांचे जाळे रक्ताला फारसा अडथळा करीत नाही. म्हणून उजवीकडचा दाब डावीकडच्या दाबाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकाच असतो, आणि उजव्या जवनिकेची भिंतही त्या मानाने पातळ असते. निसर्गाने तिला हलक्या कामासाठीच घडवले आहे.

आता फुप्फुसे वर्षानुवर्षे धुराने, धुळीने किंवा रोगजंतूंनी जर्जर झाली आहेत, अशी कल्पना करा. श्वासनलिका सुजतात, कफाने भरतात. वायुकोशांच्या नाजूक भिंती फाटतात आणि त्यांच्याबरोबर त्यांतील केशवाहिन्याही नष्ट होतात. रक्ताची वाट अरुंद होते. एवढ्यावर हे थांबत नाही. १९४६ साली स्वीडनमधील फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या शास्त्रज्ञांनी मांजरावर प्रयोग करून असे दाखवले की, हवेतील प्राणवायू कमी झाला की फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. निरोगी फुप्फुसात ही सोयीची योजना आहे; ज्या भागात हवा पोहोचत नाही त्या भागाकडे रक्त कमी जाते. परंतु साऱ्या फुप्फुसातच हवा अपुरी पडली, तर साऱ्याच वाहिन्या आवळल्या जातात. त्यातच शरीर प्राणवायूची उणीव भरून काढण्यासाठी तांबड्या पेशी वाढवते, त्यामुळे रक्त दाट होते. अरुंद वाट आणि दाट रक्त. या दोहोंशी झगडताना उजवी जवनिका प्रथम जाड होते, मग फुगते, आणि शेवटी हरते. मागे रक्त तुंबते. मानेच्या शिरा फुगतात, यकृत वाढते, पोटात पाणी होते, पायांवर सूज चढते, ओठ निळसर पडतात. रोगी वैद्याकडे जातो तो पायांच्या सुजेसाठी. मूळ दुखणे मात्र वीस-पंचवीस वर्षांपूर्वी छातीत सुरू झालेले असते.

हे चित्र पूर्ण होण्यास दीडशे वर्षे लागली. स्टेथस्कोपचा जनक लेनेक याने १८१९ साली आपला विख्यात ग्रंथ प्रसिद्ध केला आणि फुप्फुस फुगण्याच्या विकाराचे तपशीलवार वर्णन केले. १९०१ साली ब्यूनस आयरीस येथील आयेर्सा या अध्यापकाने आपल्या व्याख्यानात जुना खोकला, धाप आणि काळवंडलेला चेहरा असलेल्या रोग्याचे वर्णन केले. अशा रोग्यांना तेथे ‘काळे हृदयरोगी’ असे म्हणू लागले. परंतु जिवंत माणसाच्या उजव्या हृदयातील दाब मोजण्याचे साधन तोवर नव्हते. ते साहस १९२९ साली वेर्नर फोर्समन या तरुण जर्मन डॉक्टरने केले. त्याने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून एक नळी हृदयापर्यंत सरकवली आणि क्ष-किरणचित्र काढून घेतले. पुढे न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी ही पद्धती शास्त्रशुद्ध केली आणि फुप्फुसांच्या जुनाट रोग्यांत उजव्या हृदयावर किती भार पडतो, हे आकड्यांनी दाखवले. तिघांनाही १९५६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा रीतीने रोगाची यंत्रणा उलगडली. पण रोगाचे कारण काय? पाश्चात्त्य देशांत याचे उत्तर सोपे वाटत होते. तेथील रोगी बहुधा उतारवयाचे पुरुष असत; धूम्रपान करणारे, खाणीत वा कारखान्यात राबलेले, औद्योगिक शहरांत राहणारे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचे दाट धुके साचून राहिले, आणि हजारो माणसे दगावली. त्या आघातानंतर ब्रिटिश पार्लमेंटने १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा केला. धूर म्हणजे धुराड्याचा धूर किंवा सिगारेटचा धूर. तो रस्त्यावर असतो, कारखान्यात असतो, पुरुषाच्या ओठांत असतो, असे या काळातल्या वैद्यकाने गृहीत धरले होते.

या गृहीतकाला छेद देणारी गोष्ट दिल्लीत घडली, आणि ती घडवून आणणारी व्यक्ती एका तमिळ कुटुंबातली होती. डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती यांचा जन्म १९१७ साली ब्रह्मदेशातील माग्वे येथे झाला. रंगूनच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. १९४२ साली जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या, तेव्हा आई आणि बहिणींसह त्यांना देश सोडावा लागला. मद्रास इलाख्यातील कोइमतूर येथे त्यांनी आश्रय घेतला. युद्ध संपल्यावर त्या लंडनला गेल्या, नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे हेलन टॉसिग यांच्यापाशी आणि हार्वर्ड येथे पॉल डडली व्हाइट यांच्यापाशी त्यांनी हृदयविज्ञानाचे शिक्षण घेतले. फुप्फुसातील रक्तवाहिनी एकाएकी तुंबून उजव्या हृदयावर जो ताण येतो, त्याचे वर्णन १९३५ साली मॅक्गिन या सहकाऱ्याबरोबर करणारे हेच ते व्हाइट. १९५३ साली पद्मावती भारतात परतल्या आणि दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाल्या. हे महाविद्यालय स्त्रियांचे होते आणि त्याच्या रुग्णालयात येणारे रोगीही मुख्यतः स्त्रिया आणि मुले हेच. या साध्या वस्तुस्थितीत पुढच्या शोधाचे मर्म आहे. जे रोगी इतरत्र तुरळक दिसत, ते येथे वॉर्डात शेजारी शेजारी खाटांवर पडलेले होते.

पद्मावतींनी आणि त्यांचे सहकारी पाठक यांनी दिल्लीतील फुप्फुसजन्य हृदयविकाराच्या १२७ रोग्यांचा अभ्यास करून तो १९५९ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य ग्रंथांतले चित्र आणि हे चित्र यांत मोठा फरक होता. येथे स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या तोडीचे होते, आणि रोगी वयाने कितीतरी लहान होते. १९६४ साली जोशी यांच्यासमवेत शवविच्छेदनावर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७६ साली अरोरा यांच्यासमवेत स्त्री-पुरुषांतील फरकाचा जो आढावा पद्मावतींनी घेतला, त्यात तर कोडे अगदी उघडे होऊन समोर आले. रोगी पुरुषांपैकी सुमारे ७५ टक्के धूम्रपान करणारे होते. रोगी स्त्रियांपैकी जेमतेम १० टक्के. तरीही स्त्रियांना हा रोग पुरुषांहून दहा-पंधरा वर्षे आधी गाठत होता. जिने आयुष्यात बिडी हातात धरली नाही, तिची फुप्फुसे बिडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसांहून लवकर कशी निकामी झाली?

उत्तर त्या स्त्रीच्या दिनचर्येत होते. लहान मुलगी असताना आईच्या पाठीशी बसून, मोठी झाल्यावर स्वतः चुलीपुढे बसून, दिवसाचे कित्येक तास ती शेणाच्या गोवऱ्यांचा आणि लाकडाचा धूर घेत होती. थंडीत दारे-खिडक्या बंद, धुराला बाहेर जाण्यास वाट नाही, आणि त्यातच सर्दी-खोकल्याचे जंतू. बालपणापासून जडलेला खोकला तिशी-चाळिशीत हृदयापर्यंत पोहोचत होता. १९६१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने या विकाराची व्याख्या निश्चित केली: फुप्फुसाच्या रचनेवर अथवा कार्यावर परिणाम करणाऱ्या रोगामुळे उजव्या जवनिकेची होणारी वाढ, मात्र हृदयाच्या डाव्या बाजूचे मूळ रोग आणि जन्मजात हृदयदोष तीतून वगळले. व्याख्या काटेकोर होती. परंतु दिल्लीच्या वॉर्डांनी जे दाखवले होते ते व्याख्येत बसण्याजोगे नव्हते. त्यासाठी डॉक्टरला रोगिणीच्या घरात जावे लागणार होते.

आणि खरोखरच शास्त्रज्ञांना घरात जावे लागले. १९८१ साली अमेरिकन संशोधक कर्क स्मिथ आणि त्यांचे भारतीय सहकारी गुजरातेतील खेड्यांत गेले. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच त्यांनी हवा मोजण्याची यंत्रे बसवली. चुलीजवळच्या हवेत घनमीटरमागे हजारो मायक्रोग्रॅम कण आढळले. आज जागतिक आरोग्य संघटना बारीक कणांची दिवसभराची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम मानते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आकड्याची भीषणता कळते. १९८४ साली नेपाळचे डॉ. मृगेंद्रराज पांडे यांनी डोंगराळ खेड्यांत पाहणी करून चुलीपाशी घालवलेला वेळ आणि जुनाट खोकला यांची सांगड घालून दाखवली.

आता पुन्हा मद्रासकडे वळू. कारण या कथेतील दोन महत्त्वाचे धागे गुम्मिडिपूंडीच्या परिसराला येऊन मिळतात. पहिला धागा क्षयाचा. फुप्फुसे पोखरून हृदयाला थकवणाऱ्या रोगांत, एके काळी क्षयाचा वाटा मोठा होता. क्षय बरा झाला तरी व्रण आणि आकसलेली फुप्फुसे मागे राहत. १९५६ साली मद्रासच्या चेटपट भागात क्षयरोगाच्या रासायनिक उपचारांचे केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा हा संयुक्त उद्योग. १९३ रोग्यांपैकी काहींना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून एकच औषधे देण्यात आली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: घरी राहूनही रोगी तितक्याच प्रमाणात बरे होतात, आणि घरच्या माणसांना त्यापासून वाढीव धोका पोहोचत नाही. आरोग्यधामाची वाट पाहत फुप्फुसे गमावण्याची गरज उरली नाही. हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. एकाच वर्षी, १९५९ मध्ये, मद्रासने सांगितले की गरिबाच्या घरात औषध पोहोचवता येते, आणि दिल्लीने सांगितले की गरिबाच्या घरातच रोगाचे कारण आहे.

धूर आणि क्षय यांचे साटेलोटेही चेन्नईतच उघड झाले. डॉ. गजलक्ष्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेन्नई शहर आणि विळुप्पुरम जिल्ह्यातील खेडी येथील सुमारे ४३,००० पुरुषांच्या मृत्यूंचा अभ्यास २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला, धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना क्षयाने मृत्यू येण्याचा धोका न करणाऱ्यांच्या सुमारे चौपट होता.

दुसरा धागा चुलीचा. चेन्नईच्या श्री रामचंद्र वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. कल्पना बालकृष्णन यांनी २००० सालाच्या सुमारास तमिळनाडूच्या खेड्यांतील शेकडो घरांत धुराचे मोजमाप केले. लाकूड जाळणाऱ्या घरांतील धूर गॅस वापरणाऱ्या घरांच्या अनेकपट असतो, ही तर अपेक्षित गोष्ट होती. परंतु जळणाचा प्रकार, स्वयंपाकघराला भिंत आहे की नाही, चूल आत आहे की अंगणात, यांवरही तो अवलंबून असतो, आणि जो स्वयंपाक करीत नाही त्या माणसापर्यंतही तो पोहोचतो, हे या मोजमापाने स्पष्ट केले. घरातला म्हातारा किंवा पाळण्यातले मूल यांना चुलीचा धूर चुकवता येत नाही.

महाराष्ट्रही या शोधात मागे नव्हता. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत यांनी १९७० नंतरच्या दशकात चार हजारांहून अधिक नागरिकांची पाहणी करून शहरातील दूषित हवा आणि छातीचे विकार यांचा संबंध तपासला. गिरणगावातील कामगारांना कापसाच्या तुसामुळे जडणारा छातीचा विकार, सुटीनंतर कामावर परतलेल्या दिवशी ज्यात छाती आवळल्यासारखी वाटते, तोही याच काळात अभ्यासाचा विषय झाला. २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखाने धूम्रपान न करणाऱ्यांच्या दीर्घकालीन श्वासरोगाकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले. पद्मावतींनी दिल्लीत पन्नास वर्षांपूर्वी उपस्थित केलेला प्रश्न आता जगाच्या वैद्यकाने स्वीकारला होता.

उपचारांच्या इतिहासात १९८० आणि १९८१ ही वर्षे महत्त्वाची आहेत. तोवर सूज उतरवणारी औषधे आणि विश्रांती यांपलीकडे फारसे काही करता येत नव्हते. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये झालेल्या दोन चाचण्यांनी असे सिद्ध केले की, ज्या रोग्याच्या रक्तातील प्राणवायू फार उतरला आहे, त्याला दिवसातून पंधरा तास किंवा अधिक काळ प्राणवायू देत राहिल्यास त्याचे आयुष्य वाढते. हा उपाय मोलाचा खरा. पण ज्या घरात सरपण वेचून आणावे लागते, त्या घरात रोज पंधरा तास प्राणवायू कोठून यावा? म्हणून या रोगाचा खरा उपाय रोग जडण्यापूर्वीच करावा लागतो.

त्या दिशेने देशात मोठे प्रयत्न झाले. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी योजनेतील आठ कोटीवी गॅस जोडणी औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे, देण्यात आली. तथापि शेगडी घरात येणे आणि चूल विझणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ५८.६ टक्के कुटुंबे मुख्यत्वे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करीत होती. ग्रामीण भागात हे प्रमाण ४३.२ टक्केच होते. सिलिंडर संपला आणि पैसे नसले की बाई पुन्हा सरपणाकडे वळते. शास्त्रानेही येथे उतावळेपणा करता कामा नये. तमिळनाडूसह चार देशांत, सुमारे ३,२०० गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचणीत चूल बदलून गॅस दिला गेला. धूर पुष्कळ कमी झाला, परंतु नवजात बालकांच्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही, असे २०२२ साली जाहीर झाले. यावरून गॅस निरुपयोगी ठरत नाही. जन्मापासून साचत आलेला धूर काही महिन्यांच्या स्वच्छ हवेने धुऊन निघेल अशी अपेक्षा करणे योग्य नाही, एवढाच बोध त्यातून घेता येतो. उजव्या हृदयाची हानी पंचवीस वर्षांत होते. तिचा परिहारही दोन पिढ्यांच्या हिशेबाने मोजावा लागेल.

कर्तव्याची व्याप्तीही आता वाढली आहे. १९९० साली भारतात दीर्घकालीन श्वासनलिका-अवरोधाचे रोगी २ कोटी ८१ लाख होते. २०१६ साली ते ५ कोटी ५३ लाख झाले, असा एका राष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज आहे. या रोगाच्या एकूण भारापैकी निम्म्याहून अधिक भाग त्याच अभ्यासाने दूषित हवेला लावला. तंबाखूचा वाटा सुमारे चतुर्थांश. आजचे गुम्मिडिपूंडी या संक्रमणाचे लहानसे प्रतीक वाटते. रेल्वेमार्गालगत सिपकॉटची औद्योगिक वसाहत उभी आहे, लोखंड वितळवणाऱ्या आणि सळया ओढणाऱ्या गिरण्या आहेत, आणि बिहार, ओरिसाकडून आलेले मजूर तेथे काम करतात. एकाच वस्तीत चुलीचा धूर, बिडीचा धूर आणि भट्टीचा धूर एकत्र येतो. माणसाची छाती या तिघांत भेद करीत नाही. कामगारांच्या तपासणीत श्वास फुंकून मोजण्याचे साधे यंत्र ठेवले, आणि खेड्यातल्या आरोग्य केंद्रात खोकणाऱ्या बाईला ‘तुमच्या घरी स्वयंपाक कशावर होतो?’ एवढा एक प्रश्न विचारला, तर पायांवर सूज चढण्याच्या कितीतरी वर्षे आधी रोग ओळखता येईल.

डॉ. पद्मावतींना १९६७ साली पद्मभूषण आणि १९९२ साली पद्मविभूषण हे सन्मान मिळाले. अखिल भारतीय हृदय प्रतिष्ठान त्यांनी १९६२ साली स्थापले. २९ ऑगस्ट २०२० रोजी, वयाच्या १०३ व्या वर्षी, करोनाच्या साथीत त्यांचे निधन झाले. ज्या रोगाने जगभर माणसांचा श्वास हिरावला त्याच रोगाने श्वास आणि हृदय यांचे नाते उलगडणाऱ्या या विदुषीला नेले. त्यांच्या कार्यातील सर्वांत मोठी गोष्ट कोणती, असे मला कोणी विचारले तर मी त्यांच्या १२७ रोग्यांच्या त्या जुन्या यादीकडे बोट दाखवीन. त्या यादीतल्या स्त्रियांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. परंतु त्यांचा खोकला एका डॉक्टरने नशिबाचा भाग न मानता प्रश्न म्हणून ऐकला, आणि त्या ऐकण्यातून एका देशाच्या स्वयंपाकघराचा दरवाजा शास्त्रासाठी उघडला. आपापल्या घरी, आपल्या गावी, चुलीपुढे बसून खोकणारी आई, आत्या, शेजारीण कोणी असेल, तर तिचा खोकला आपणही तसाच ऐकावा, एवढीच श्रोत्यांना विनंती.